पणजोबांची शिकारी रायफल: ओळख आणि काळ कसा ठरवावा?

कोयनाकाठ (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यात आमचे मूळ घर आहे आणि त्या घरात पणजोबांच्या काळापासून एक शिकारी रायफल होती. थोरल्या काकांच्या निधनानंतर ती आम्ही परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा केली असून वारस म्हणून माझ्या चुलतभावाने परवान्यासाठी अर्ज केला आहे. अर्जात शस्त्राचे नेमके वर्णन लिहावे लागते आणि तिथेच आमचे घोडे अडले आहे.

घरात सगळे तिला ‘थ्री-नॉट-थ्री’ (.३०३) म्हणतात. काकांच्या परवान्यावर मात्र ‘.३१५ बोअर (म्हणजे नळीचे इंचातले माप) स्पोर्टिंग रायफल’ अशी नोंद आहे. आजीने सांगितलेली हकिकत अशी, की प्लेगच्या सालात म्हणजे १८९७च्या सुमारास पणजोबांनी खोऱ्यातला एक नरभक्षक वाघ मारला, तेव्हा कलेक्टर साहेबाने खूश होऊन ही रायफल त्यांना बक्षीस दिली.

विक्रेत्याच्या दुकानात, त्यांच्याच देखरेखीखाली, जे पाहता आले ते लिहितो. रायफल एकनळी व बोल्टची आहे. चापाच्या पुढे खाली लहान मॅगझिन बाहेर आलेले दिसते. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असून पुढचे लाकूड नळीच्या निम्म्यावरच संपते. नळीच्या माथ्यावर ‘बी.एस.ए. गन्स लिमिटेड’ अशी अक्षरे आहेत आणि जवळच तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचे चिन्ह आहे. नळीच्या मुळाशी, डाव्या अंगाला, मुकुटाचे तीन बारीक छाप आहेत, पण त्यांखालची अक्षरे मळाने बुजली आहेत. ही रायफल कोणती, केव्हाची आणि आजीच्या हकिकतीशी तिचा मेळ बसतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

आर्मरर_निवृत्त

वर्णन उत्तम दिले आहे. एक गोष्ट आपण लिहिली नाही, ती पुढच्या खेपेस पाहा: दस्ता अखंड आहे की दोन तुकड्यांत? खांद्याला लागणारा मागचा भाग आणि नळीखालचे लाकूड वेगवेगळे असून मधे लोखंडी खोबण दिसत असेल, तर ती ली पद्धतीची यंत्रणा आहे, यात शंका उरत नाही. माउझर जातीच्या रायफलीचा दस्ता एकसंध असतो. दुसरी खूण बोल्टमध्ये आहे. माउझरचे अडकण देणारे कान बोल्टच्या पुढच्या टोकाला असतात, तर लीचे मागच्या बाजूला, आणि लीचा बोल्ट पुढे ढकलून बंद करताना स्प्रिंग ताणली जाते, त्यामुळे शेवटच्या बोटभर अंतरात हाताला जोर जाणवतो.

जेम्स पॅरिस ली यांची ही यंत्रणा ब्रिटिश लष्कराने १८८८मध्ये ली-मेटफर्ड रायफलीत आणि १८९५मध्ये ली-एनफिल्डमध्ये स्वीकारली. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या जी दिसली, ती याच घराण्यातली. त्यामुळे ली यंत्रणेची कोणतीही रायफल दिसली की आपल्याकडे लोक तिला ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून मोकळे होतात. आपल्या घरातही तेच झाले असणार.

आता .३१५विषयी. .३०३ हे लष्कराचे काडतूस असल्याने हिंदुस्थानात खाजगी माणसाला त्या मापाची रायफल मिळणे अवघड होते; लष्करी दारूगोळा चोरून नागरी बंदुकांत वापरला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. याच भीतीपोटी १९०७च्या सुमारास .४५० मापाच्या दारूगोळ्यावरही इथे बंदी आली होती आणि विलायती कारखानदारांना .४७० व .४६५ यांसारखी नवी मापे काढावी लागली. लहान मापांत तोच प्रश्न बी.एस.ए. (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीने वेगळ्या रीतीने सोडवला. ली यंत्रणा तशीच ठेवून तिने ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे ८ मिलिमीटरचे, कडा असलेले काडतूस घेतले. आठ मिलिमीटर म्हणजे इंचात .३१५, आणि हिंदुस्थानात ती ‘तीनशे पंधरा’ म्हणूनच रुजली. पुढे आपल्या आयुध निर्माणीनेही याच मापाच्या रायफली बनवल्या. काडतुसाची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅमची. रानडुक्कर किंवा सांबर यांना ती पुरेशी असे.

तेव्हा परवान्यावरची नोंद बरोबर आणि घरातले नाव चुकीचे, असे माझे प्राथमिक मत आहे. तरीही विक्रेत्याकडच्या कारागिराकडून नळीचे माप घेऊन घ्यावे, कारण .३०३ आणि .३१५ ही काडतुसे एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

---

बर्मिंगहॅमकर_मराठी

मी गेली बरीच वर्षे बर्मिंगहॅममध्ये राहतो आणि इथल्या बॅनबरी स्ट्रीटवरील प्रूफ हाउस, म्हणजे बंदुकीच्या नळ्यांची परीक्षा घेणारी संस्था, माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. १८१३मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने ती स्थापन झाली आणि आजही तेच काम करते. प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून पाहायचे आणि ती टिकली तरच शिक्का मारायचा, अशी पद्धत आहे. आपल्याकडे वजनमापांवर ठरावीक मुदतीने सरकारी ठसा मारतात तसेच हे, फक्त इथे ठसा एकदाच बसतो आणि शंभर वर्षांनीही बोलतो.

धागाकर्त्यांनी ज्या मुकुटांचा उल्लेख केला आहे, तेच हे शिक्के. १९०४पूर्वी बर्मिंगहॅमचा छाप वेगळा होता: मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आणि त्यांच्या कोनांत अक्षरे. १९०४च्या नियमांनी मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ आणि ‘एनपी’ अशी सुटी अक्षरे आली. पहिला परीक्षेचा, दुसरा तपासणीचा आणि तिसरा नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या दारूच्या परीक्षेचा. १९५४मध्ये नियम पुन्हा बदलले आणि नायट्रो परीक्षेसाठी ‘बीएनपी’ हा एकच छाप आला. म्हणजे आपल्या तीन मुकुटांखाली बीपी, बीव्ही आणि एनपी निघाले, तर ही नळी १९०४ ते १९५४ या पन्नास वर्षांतली. राजदंड निघाले तर आजीची हकिकत जिवंत राहते.

याखेरीज एक बारीक खूण शोधा. १९२१पासून बर्मिंगहॅमच्या तपासनिसांनी एका लहान वर्तुळात वर्षाचे अक्षर ठोकायला सुरुवात केली. छाप फार लहान असतो आणि पुष्कळदा लाकडाच्या कडेशी दडलेला असतो.

छाप वाचण्यासाठी पॉलिश पेपर, ब्रासो, लिंबू, चिंच यांपैकी काहीही लावू नका. मऊ ब्रशने मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवून पुसून घ्या, चिमूटभर टाल्कम पावडर बोटाने चोळा आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्च जवळजवळ आडवा धरा. खोलगट अक्षरांत पावडर राहते आणि आडव्या उजेडात त्यांच्या कडा उठून दिसतात.

---

सह्यकडा

सर्व तज्ज्ञांचा आदर राखून मला आजीची बाजू मांडायची आहे. तोंडी परंपरा इतक्या सहजी मोडीत काढू नये. समजा, कलेक्टरने १८९७मध्ये दिलेली रायफल .३०३ मापाचीच होती. बी.एस.ए. कंपनी १८६१ची आहे आणि ली यंत्रणेच्या शिकारी रायफली १८९०च्या दशकात नक्कीच मिळत होत्या. पुढे .३०३ बाळगणे अडचणीचे झाले, तेव्हा पणजोबांनी किंवा आजोबांनी मुंबईच्या एखाद्या विक्रेत्याकडून जुन्या यंत्रणेवर .३१५ची नवी नळी बसवून घेतली असेल. मग नळीवरचे छाप १९०४नंतरचे निघाले तरी रायफल मूळची १८९७ची ठरू शकते.

---

आर्मरर_निवृत्त

@सह्यकडा, आपली शंका रास्त आहे. नळी बदलणे ही त्या काळी नेहमीची गोष्ट होती आणि केवळ नळी पाहून सबंध रायफलीचे वय सांगणारे लोक याच ठिकाणी फसतात. पण ही शंका तपासून पाहता येते.

विलायती बोल्ट रायफलीत अनुक्रमांक एकाच जागी नसतो. तो नळीवर, नळी जिथे बसते त्या यंत्रणेच्या कड्यावर आणि बोल्टच्या मुठीच्या मुळाशी, अशा तिन्ही ठिकाणी ठोकलेला असतो. प्रूफ हाउसचा शिक्काही एकट्या नळीवर नसतो. यंत्रणेवर आणि बोल्टवरही असतो. जुन्या यंत्रणेला नवी नळी जोडली असेल, तर यंत्रणेवर १९०४पूर्वीचा छाप राहिलेला दिसेल किंवा दोन वेगळ्या काळांचे छाप शेजारी शेजारी सापडतील. शिवाय सुरुवातीच्या काळातल्या अशा रायफलींच्या यंत्रणेवर ‘ली-स्पीड पेटंट्स’ अशी अक्षरे असत आणि संग्राहक त्यांना त्याच नावाने ओळखतात. धागाकर्त्यांच्या वर्णनात ती नाहीत. एवढ्यावरून निकाल देता येणार नाही, पण पारडे थोडे झुकते.

अनुक्रमांक जुळतात की नाही, हे सुरक्षिततेसाठीही पाहावे लागते. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवला असेल, तर काडतुसाच्या बुडामागची फट कमी-जास्त होते आणि उडवताना काडतूस फुटण्याचा धोका असतो. आणि एक विनंती: क्रमांकाचे फोटो इथे टाकू नका. जुळतात की नाही एवढेच कळवा.

---

जुनी_दफ्तरे

बंदुकीवरचे नाव हाही काळाचा पुरावा असतो आणि कित्येकदा तो छापापेक्षा लवकर वाचता येतो. कंपन्यांची नावे बदलतात, पत्ते बदलतात, आणि दोन्हींच्या तारखा ठाऊक असतात. ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनी’ हे मूळ नाव, ‘बी.एस.ए. गन्स लिमिटेड’ ही बंदुकांसाठीची स्वतंत्र उपकंपनी १९१९ची. त्यामुळे नळीवर हे दुसरे नाव असेल, तर ती नळी १८९७ची तर नाहीच, पहिल्या महायुद्धापूर्वीचीही असू शकत नाही. मला वाटते, शिक्के वाचण्याआधीच निम्मा निकाल या एका ओळीने दिलेला आहे.

इतर वाचकांच्या घरी अशी शस्त्रे असतील, म्हणून आणखी दोन उदाहरणे देतो. माउझर रायफलीवर ‘वाफेनफाब्रिक माउझर’ असेल तर ती १९२२पर्यंतची आणि ‘माउझर-वेर्के’ असेल तर त्यानंतरची. मुंबईत काळा घोड्याजवळ ‘आर्मी अँड नेव्ही’ची इमारत आहे; त्या दुकानाने आपल्या नावाने पुष्कळ बंदुका विकल्या. १८७१मध्ये लंडनला सुरू झालेल्या या संस्थेची मुंबईची शाखा १८९१मध्ये उघडली आणि तिच्या नावातले ‘को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ हे शब्द १९३४मध्ये जाऊन ‘स्टोअर्स’ आले. नळीवर ‘सी.एस.एल.’ ही आद्याक्षरे दिसली, तर वरची मर्यादा आपोआप ठरते.

धागाकर्त्यांनी घरातले कागदही पाहावेत. जुना परवाना, विक्रेत्याची पावती, काडतुसांचे खोके, काहीही चालेल. मात्र काडतुसांचे खोके काडतुसांचे वय सांगते, बंदुकीचे नव्हे, हे ध्यानात असावे.

---

काळा_कोट

कायद्यापुरते थोडे लिहितो, कारण अशा चर्चांत उत्साहाच्या भरात लोक नको ते करून बसतात.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र घरात ठेवणे १९५९च्या शस्त्र अधिनियमाविरुद्ध आहे. कलम २१नुसार ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. धागाकर्त्यांनी ते केले आहे, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन. ‘शंभर वर्षे जुनी, म्हणजे पुराणवस्तू, म्हणून परवाना नको’ हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. कलम ४५मधील सूट जुन्या घडणीच्या किंवा पुराणमूल्याच्या अशाच शस्त्राला आहे, जे दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही. तुमची .३१५ चालू स्थितीत आहे. तिला ती सूट लागू होत नाही.

.३०३ आणि .३१५ हा फरक हौशी माणसाला किरकोळ वाटेल, परंतु पहिले प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते आणि दुसरे मोडत नाही. अर्जात कोणी प्रेमाने ‘थ्री-नॉट-थ्री’ लिहिले, तर फाइल वर्षानुवर्षे अडकू शकते. वर्णनात कंपनी, माप, अनुक्रमांक आणि यंत्रणेचा प्रकार एवढेच लिहा; वाघाची हकिकत लिहू नका. कुटुंबात अजून एखादे शस्त्र असेल, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रांची मर्यादा आहे आणि वारसाने आलेली शस्त्रेही तीत धरली जातात, याची नोंद घ्यावी.

---

कोयनाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल विक्रेत्याच्या दुकानात पुन्हा जाऊन आलो. त्यांच्या कारागिराने आमच्यासमोर रायफल रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट काढला आणि सांगितल्याप्रमाणे टाल्कम आणि टॉर्च यांच्या साह्याने एकेक छाप वाचला.

दस्ता दोन तुकड्यांत आहे आणि मधे लोखंडी खोबण आहे. बोल्टचे कान मागे आहेत. नळीच्या मुळाशी तीन मुकुट असून त्यांखाली अनुक्रमे बीव्ही, बीपी आणि एनपी अशी अक्षरे स्पष्ट निघाली. एनपीमधला ‘एन’ थोडा तिरका बसला आहे. यंत्रणेच्या कड्यावर आणि बोल्टच्या मुठीशीही मुकुटाखाली एनपी आहे. राजदंडाचा छाप कुठेही सापडला नाही. अनुक्रमांक तिन्ही ठिकाणी एकच आहे. लाकडाच्या कडेला लागून एक बारीक वर्तुळही निघाले, पण आतले अक्षर झिजून गेले आहे. भिंगातून पाहिले तेव्हा एक उभी रेघ तेवढी दिसते. कारागिराने गेज घालून माप .३१५ असल्याचे सांगितले.

घरातल्या कागदांत इंग्रजी अमदानीतला एक परवाना मिळाला. त्याची एक बाजू वाळवीने खाल्ली आहे. त्यावर शस्त्रांच्या रकान्यात दोन नोंदी आहेत: पहिली ‘एकनळी, ठासणीची’, तिच्यावर लाल शाईने आडवी रेघ मारलेली आहे, दुसरी ‘.३१५ मॅगझिन रायफल, बी.एस.ए.’ ही वेगळ्या हस्ताक्षरात आणि वेगळ्या शाईत आहे. कारण म्हणून ‘शिकार व पीकसंरक्षण’ असे लिहिले आहे. जुन्या डब्यात कायनॉक कंपनीचे एक फाटके खोकेही होते, त्यावर आय.सी.आय. ही अक्षरे आहेत. खोक्यात चार काडतुसे निघाली.

---

बर्मिंगहॅमकर_मराठी

आता चित्र पुरेसे स्पष्ट झाले आहे. वर्तुळ आहे म्हणजे १९२१च्या आधीची नाही. बी.एस.ए. गन्स हे नाव त्याच्याशी जुळते. यंत्रणा, बोल्ट आणि नळी यांचा क्रमांक एक आणि छापही एकाच पिढीचे, त्यामुळे नळी बदलल्याची शक्यता उरत नाही. वरची मर्यादा दुसऱ्या महायुद्धाने ठरते, कारण तेव्हा कारखाना लष्करी कामाला जुंपला गेला. १९४०च्या नोव्हेंबरात स्मॉल हीथ इथल्या या कारखान्यावर बॉम्ब पडून ५३ कामगार मरण पावले. कायनॉकच्या खोक्यावर आय.सी.आय. असेल तर ते खोके १९२६च्या अखेरीनंतरचे, कारण आय.सी.आय. ही कंपनीच तेव्हा स्थापन झाली. माझा निष्कर्ष: १९२१ ते १९३९.

---

सह्यकडा

पुरावा मान्य आहे. पण लाल रेघेखालची ती पहिली नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते. १८९७मध्ये जावळीच्या रानात वाघ मारणाऱ्या खेडुताच्या हाती नवीकोरी मॅगझिन रायफल असण्यापेक्षा ठासणीची एकनळी असणे कितीतरी स्वाभाविक आहे, आणि कलेक्टरने बक्षीस म्हणून तसलीच बंदूक दिली असणेही. पुढे ती जमा झाली किंवा निकामी ठरली, नवी रायफल त्याच खुंटीवर आली आणि हकिकत बंदुकीवरून बंदुकीवर सरकली. आजी खोटे बोलली नाही. तिने खुंटीवरच्या वस्तूकडे बोट दाखवले.

---

जुनी_दफ्तरे

सहमत आहे. घराण्यांच्या शस्त्रांबाबत हे फार वेळा होते. तलवारींचेही तसेच: पानिपतावरची म्हणून दाखवलेल्या पात्यावर पुष्कळदा नंतरच्या काळातला युरोपीय छाप निघतो. बक्षिसाची बाब खरी असेल, तर जिल्ह्याच्या जुन्या महसुली कागदांत ती सापडू शकते. पुण्याच्या पुराभिलेखागारात शोध घेण्यासारखा आहे. मात्र रायफलीचा शोध आणि त्या ठासणीच्या बंदुकीचा शोध हे दोन वेगळे विषय समजावेत.

---

आर्मरर_निवृत्त

त्या चार काडतुसांना हात लावू नका. इतकी जुनी काडतुसे उडवून पाहण्याचा मोह काहींना होतो; दारूचा भरवसा नसतो आणि पितळेला बारीक चिरा गेलेल्या असतात. काकांच्या परवान्यावर ती नोंदलेली असोत वा नसोत, विक्रेत्यामार्फत पोलीस ठाण्याला कळवून जमा करावीत आणि पोच घ्यावी. रिकामे खोके ठेवायला हरकत नाही.

रायफलीच्या दस्त्यावर वॉर्निश लावू नये. जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब तळव्यावर घेऊन चोळले की अक्रोडाला पुरे.

---

कोयनाकाठ (धागाकर्ता)

काडतुसे आज जमा केली आणि पोच घेतली. चुलतभावाच्या अर्जात वकील साहेबांच्या सूचनेप्रमाणे पुढील वर्णन लिहिले आहे: ‘बी.एस.ए. गन्स लिमिटेड, बर्मिंगहॅम यांची .३१५ बोअर बोल्ट-ॲक्शन स्पोर्टिंग रायफल, एकनळी, ली यंत्रणा, नळी, यंत्रणा व बोल्ट यांवर समान अनुक्रमांक’. काळाची नोंद अर्जात लागत नाही, म्हणून ती घरच्या वहीत केली आहे: ‘१९२१ ते १९३९ दरम्यानची, आजोबांच्या किंवा पणजोबांच्या उतारवयातली खरेदी’. त्याखाली ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळे पान सोडले असून आजीची हकिकत त्या पानावर लिहिली आहे. पुण्याला पुराभिलेखागारात अर्ज कसा करावा, याची माहिती कोणास असल्यास कृपया व्यक्तिगत संदेशाने कळवावी.